समोरून दिसेल असं टेबल

वेटरने आतलं कोपऱ्यातलं टेबल दाखवलं, पण काकू तिकडे न बघताच पुढच्या काचेकडे चालू लागल्या. काचेला लागून चार खुर्च्यांचं टेबल होतं, त्यावर ‘राखीव’ अशी पाटी उभी होती. काकूंनी पाटी उचलून वेटरच्या हातात दिली आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

“मावशी, हे टेबल एकांनी सांगून ठेवलंय.”

“आलेत का ते?”

“नाही अजून.”

“मग आले की आम्हाला उठवा.”

वेटर पाटी घेऊन तसाच उभा राहिला आणि मग मुकाट्याने पाण्याचे ग्लास आणायला गेला. काकूंच्या मागून आलेली थोरली मात्र बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती काचेतून बाहेर बघत राहिली. रस्ता तसा अरुंदच होता. पलीकडे, अगदी नाकासमोर, चष्म्यांचं दुकान होतं.

“आई, आत बसू या.”

“का? आत काय ठेवलंय?”

“समोर दुकान आहे.”

“माहीत आहे. माझंच आहे.”

काकूंना मुलगा एकच, पण सुना दोन. पहिली ती थोरली आणि दुसरी ती धाकटी, असं त्या स्वतःच सांगत आणि ऐकणारा गोंधळला की त्यांना बरं वाटे. थोरली त्यांच्या घरात नऊ वर्षं नांदली. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. काकूंच्या तोंडात आत्ता होती ती कवळीही तिनेच घडवलेली. मुलाचं आणि तिचं भांडण असं कधी झालंच नाही. दोघांमधलं बोलणं हळूहळू आटत गेलं आणि एक दिवस दोघं जाऊन कागदावर सह्या करून आली. पुढच्या वर्षी धाकटी आली. कामसू होती, हळू बोलायची. दुकानात काउंटरमागे उभी राहायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना त्याच्यापेक्षा तीच जास्त अवघडायची.

थोरलीला भेटणं काकूंनी कधी सोडलं नाही. दर गुरुवारी दुपारी त्या दोघी कुठेतरी बसून काहीतरी खात. महिन्याभरापूर्वी ते मुलाच्या कानावर गेलं. तो म्हणाला, “आई, हे आता पुरे. तिला आवडत नाही ते. अपमान वाटतो तिला.” तिला म्हणजे धाकटीला. काकू भेटायच्या थांबल्या नाहीत. पण त्या दिवसापासून धाकटीशी त्यांचं बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘ठेव तिथे’ एवढ्यावर आलं. तिने आणून ठेवलेला चहा टेबलावर साय धरायचा.

आज सकाळी मुलाने शेवटचं सांगितलं. भेटायचंच असेल तर मग दुकानात येऊ नकोस. नवऱ्याबरोबर त्या दुकानाचं शटर काकूंनी पहिल्यांदा उचललं तेव्हा हा मुलगा त्यांच्या कडेवर होता. त्यांनी दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली, कपाटातले चांगले कपडे काढले आणि थोरलीला फोन केला. “जेवायला ये. ते नवीन चिनी हॉटेल उघडलंय ना, तिथे.”

हॉटेल उघडून आठवडा झाला होता. आधी तिथे गाद्यांचं दुकान होतं, त्याचा कुणाला काही त्रास नव्हता. आता स्वयंपाकघरात मिरच्या तेलात पडल्या की धूर थेट रस्ता ओलांडून चष्म्यांच्या दुकानात शिरायचा. डोळे तपासायला बसलेलं गिऱ्हाईक अक्षरं वाचता वाचता शिंकायला लागायचं. मुलगा आठवडाभर त्या हॉटेलला शिव्या घालत होता.

“आई,” थोरली अजून उभीच होती, “तुम्ही मला जेवायला बोलावलंय की दाखवायला?”

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“दोन्हीला,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू?”

थोरलीला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. ती बसली, पण काचेकडे पाठ करून.

मेन्यूकार्डात चित्रं होती. काकूंनी ज्या चित्रात लाल रंग सगळ्यात जास्त दिसला त्यावर बोट ठेवलं. आलं ते कढईएवढं भांडं. वर सुक्या मिरच्यांचा थर असा, की खाली मासा आहे हे भांडं आणणाऱ्याच्या शब्दावरच मानायचं. मिरच्यांमध्ये तिरफळासारखे बारीक तपकिरी दाणे होते. त्यातला एक काकूंच्या दाताखाली आला आणि त्या मध्येच थांबल्या.

“अगं, जीभच नाही माझी.”

“काय झालं?”

“दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यासारखं झालंय. ओठ आहेत का बघ जागेवर.”

“आहेत. तिखट लागतंय का?”

“लागत असेल. कळायला जीभ हवी ना.”

दोघी हसल्या. मग दोघींचीही नाकं वाहायला लागली, कान तापले, आणि तरी चमचे थांबेनात. भाताच्या घासाने जरा थारा मिळायचा, तेवढ्यात ती आग मागून यायची. काकूंना वाटलं, कित्येक दिवसांत आपण असं जेवलो नाही. गेला महिनाभर घरात घास मोजूनमापून, ताटात बघून, गप्प राहून गिळला जात होता.

समोरच्या दुकानाचं दार उघडलेलं काकूंनी पाहिलं. त्यांनी नाक पुसलं आणि पाठ सरळ केली. “येतोय,” त्या म्हणाल्या. थोरलीने मागे वळून बघितलं नाही.

मुलगा आत आला तो खोकतच. टेबलाशी येऊन उभा राहिला. घाईत आल्यामुळे त्याचा चष्मा एका बाजूला कलला होता. काकूंचा हात तो नीट करायला वर उठला आणि पुन्हा खाली, ताटाशी आला.

“कशी आहेस?” त्याने थोरलीला विचारलं.

“बरी आहे.”

“आई, तुला मुद्दाम इथेच यायचं होतं?”

“हो.”

“दुकानात गिऱ्हाईक विचारतंय, काकू समोर का बसल्यात म्हणून.”

“मग सांग ना, जेवतायत.”

“मी सकाळी काय सांगितलं तुला?”

“दुकानात येऊ नकोस म्हणालास. आले का मी दुकानात?”

शेजारच्या टेबलावरची माणसं आपापल्या भांड्यात बघू लागली. मुलाने आवाज खाली आणला.

“हट्ट कशासाठी हा? जे संपलं ते संपलं. आम्ही दोघांनी समजुतीने संपवलं ना?”

“तुम्ही दोघांनी,” काकू म्हणाल्या. “सह्या तुम्ही दोघांनी केल्यात. माझी सही कुणी मागितली होती? मी कुणालाही सोडलेलं नाही.”

“आणि तिचं काय? ती तिथे काउंटरवर उभी राहून हे बघतेय. तिला काय वाटत असेल?”

काकू काचेतून पलीकडे बघू लागल्या. थोरलीने चमचा खाली ठेवला आणि पर्स घेऊन ती उठली.

“मी जाते, आई.”

“खाली बस. अर्ध्या ताटावरून उठायचं नाही.”

थोरली बसली. थोडा वेळ ती पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग तिने ती पर्स शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि मान वर करून एकेकाळच्या नवऱ्याकडे पाहिलं.

“मला तुझ्याशी भांडायचं नाहीये,” ती म्हणाली. “तीन वर्षांत तू मला फोन केला नाहीस, ते बरंच केलंस. पण आईंचा फोन आला की मी उचलणार. तुझं तुला मी सगळं परत दिलंय. आई मला काही तुझ्याकडून मिळाल्या नव्हत्या.”

मुलाने तोंड उघडलं, पण त्याच क्षणी स्वयंपाकघरातून मिरच्यांचा नवा धूर आला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. काकूंनी आपला पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने तो घेतला नाही. डोळे पुसत तो तसाच बाहेर पडला.

“जेव,” काकू म्हणाल्या. पण त्यांचा स्वतःचा चमचा भांड्यात नुसताच फिरत होता. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मासा गार होत चालला होता आणि गार झाल्यावर तो जास्तच तिखट लागत होता.

पलीकडे दुकानाच्या काचेमागे मुलगा हातवारे करून बोलताना दिसत होता. धाकटी ऐकत होती. मग तिने काहीतरी विचारलं असावं, कारण तो बोलायचा थांबला. तिने पुन्हा विचारलं. आणि मग ती काउंटरमागून बाहेर आली, दार ढकलून रस्त्यावर आली. एका बाजूची गाडी जाऊ दिली आणि रस्ता ओलांडू लागली.

“आता हिला पाठवलंय,” काकू म्हणाल्या. “बघतेच.”

“आई, तिला काही बोलू नका.”

“का? तिच्यामुळेच तर सगळं.”

धाकटी टेबलाशी आली. काचा पुसायचं मऊ फडकं तिच्या हातात तसंच राहिलं होतं. तिने थोरलीकडे एकदा पाहिलं. दोघी इतक्या जवळून पहिल्यांदाच एकमेकींना बघत होत्या.

“हे म्हणाले, तुम्हाला घरी घेऊन जा.”

“मी येणार नाही.”

“तुम्ही येणार नाही, हे मी सांगितलं त्यांना.” धाकटीने फडक्याची घडी घातली, मोडली. “मी वेगळ्याच कामासाठी आलेय. आई, गेला महिनाभर तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. रोज आठवून बघायचे, काय चुकलं असेल. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, वय झालंय तिचं, मनावर घेऊ नकोस.”

काकू ताटातली भाताची शितं चमच्याने एका बाजूला करू लागल्या.

“आत्ता त्यांच्या तोंडून निघालं. तुम्ही यांना,” तिने थोरलीकडे हात केला, “भेटलेलं मला म्हणे आवडत नाही. माझा अपमान होतो म्हणे.” तिचा आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द ती टेबलावर ठेवल्यासारखा ठेवत होती. “मी असं कधीही म्हटलेलं नाही, आई. तुम्ही भेटता हेच मला माहीत नव्हतं.”

काकूंनी चमचा ताटात ठेवला. मग तो नीट, टेबलाच्या कडेला समांतर केला. महिनाभर सकाळ-संध्याकाळ टेबलावर गार होत गेलेले कप त्यांच्या डोळ्यांसमोर आले. ते कप धाकटी न बोलता उचलून न्यायची, धुवायची आणि पुन्हा चहा करायची. त्यांनी बोलायला ओठ उघडले. ओठ अजून बधिर होते. निदान काकूंनी स्वतःला तसं सांगितलं.

थोरलीने हात लांब करून शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. ती कुठे ठेवावी हे तिला चटकन सुचलं नाही. शेवटी तिने ती आपल्या मांडीवर घेतली.

“बसा,” ती म्हणाली. अगदी प्रेमाने नाही, पण म्हणाली.

धाकटीने मागे वळून पाहिलं. मुलगा दुकानाच्या दारात उभा होता, त्याच्या हातात कुणाच्या तरी चष्म्याची काडी होती. त्याने ती हलवून काहीतरी खूण केली. धाकटीने फडकं खिशात कोंबलं, खुर्ची ओढली आणि बसली.

काकूंना एकदम घाई झाली. काहीतरी करायला हवं होतं, लगेच. त्यांनी हात वर करून वेटरला बोलावलं.

“अहो, इकडे अजून एक ताट आणा. आणि हिच्यासाठी काहीतरी सौम्य बघा, बिनतिखट. हे असलं हिला सोसायचं नाही.”

“आई.”

“काय गं?”

“मला विचारा तरी.”

वेटर कागद-पेन्सिल घेऊन एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. थोरली ताटात बघत होती. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

काकूंनी मेन्यूकार्ड उचललं, धाकटीला वाचता येईल असं फिरवलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “सांग. काय खाशील?”

धाकटीने कार्ड जवळ ओढलं आणि पहिल्या पानापासून, सावकाश, वाचायला सुरुवात केली.