पिकर्सगिलला शोभेल असं नाव

सातवा महिना लागल्यापासून ल्लिनोस भांडी घासताना मोठमोठ्याने नावं म्हणून बघायची. अंगहॅरद पिकर्सगिल. नको, म्हणता म्हणता धाप लागते. ग्लेनिस पिकर्सगिल. शी, तोंडात खडे भरल्यासारखं. तपासणीत मुलगी असल्याचं कळलं होतं आणि नाव वेल्शच ठेवायचं हेही ठरलं होतं. अडचण होती ती नवऱ्याच्या आडनावाची. यॉर्कशरकडचं ते लांबलचक इंग्रजी आडनाव कुठल्याच वेल्श नावाच्या मागे धड उभं राहत नव्हतं.

शेवटी तिला 'माली' सापडलं. छोटंसं, हलकं. माली पिकर्सगिल. आडनाव मागून निमूट चालत येत होतं. शिवाय, हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण हे नाव सासूच्या जिभेला जमण्यासारखं होतं.

सासूला सुनेचं नाव कधी जमलंच नव्हतं. 'ल्ल' म्हणायला जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि बाजूंनी हवा फुंकायची, एवढंच. तिच्या हार्लेक गावातली वेल्श पोरं दात यायच्या आत ते शिकतात. ब्रेंडाने लग्नाच्या दिवशी एकदाच प्रयत्न केला, स्वतःच हसली आणि म्हणाली, "मला नाही बाई जमत, थुंकल्यासारखं वाटतं. मी आपली तुला लिन म्हणेन." तेव्हापासून ती लिन. नाताळच्या कार्डावर लिन, केकवर लिन. स्टुअर्ट संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्श शिकलेला. दोघंच असताना तो 'ल्लिनोस' इतकं सुरेख म्हणायचा, की त्यावरच ती भाळली होती. आई समोर आली की मात्र, "लिन, जरा मीठ दे."

सासरे गेल्यापासून ब्रेंडा उन्हाळाभर हार्लेकच्या किनाऱ्यावर चाकांच्या घरात, कॅरॅव्हानमध्ये राहायची. सप्टेंबरात ती यॉर्कशरला घरी परतायच्या आधी ल्लिनोसच्या आईने, मेन्नाने, तिला रविवारी जेवायला बोलावलं. भाजलेलं मटण, बटाटे, ग्रेव्ही, सगळं साग्रसंगीत. ल्लिनोसचे वडील एम्रिस चर्चचा कोट न काढताच पानावर बसले. त्यांचं आणि ब्रेंडाचं हवापाण्यापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं.

"आम्ही नाव ठरवलंय," ल्लिनोस म्हणाली. "माली."

"माली?" ब्रेंडाने काटा खाली ठेवला. "तो आफ्रिकेतला देश ना? आणि पिकर्सगिलपुढे कसं वाटेल गं ते! ग्रेस म्हणून बघ. ग्रेस पिकर्सगिल. कसं खानदानी वाटतं."

ल्लिनोसने वडिलांकडे पाहिलं. आता डॅड हिची चांगली कानउघाडणी करणार, असं तिला वाटलं. एम्रिसनी तोंड पुसलं आणि ब्रेंडाला कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत म्हणाले, "ब्रेंडाचं बरोबर आहे."

"काय?"

"मग काय! त्या आडनावापुढे आमचं नाव म्हणजे मेंढीच्या डोक्यावर हॅट. लग्न करून त्यांचं आडनाव घेतलंस, तेव्हा विचारलंस का मला? आता पोरीलाही त्यांचंच नाव दे. उगाच आमच्या नावाचं हसं कशाला?"

"तुमचं नाव? आणि माझं नाही ते?"

"ग्रेव्ही घ्या कुणीतरी, गार होतेय," मेन्ना म्हणाली.

एरवी एकमेकांचं तोंडही न बघणारी ही दोन माणसं, आणि नेमकं तिच्या पोरीचं नाव हाणून पाडायला त्यांचं एकमत झालं होतं. ब्रेंडा तर एम्रिसना बटाटे वाढत होती. ल्लिनोसच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लिन, जाऊ दे ना," स्टुअर्ट हळूच म्हणाला. "नुसतं नावच तर आहे."

ती त्याच्याकडे वळली.

"स्टुअर्ट, माझं नाव काय?"

"आता हे काय मधेच..."

"इथे, तुझ्या आईसमोर सांग. माझं नाव काय?"

"मला येतं, तुला माहीत आहे."

"येतं ना? मग म्हण."

त्याचे कान लाल झाले. त्याने आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. बटाट्याचे उगाच दोन तुकडे केले.

ल्लिनोस टेबलाला धरून उठली. "माली रद्द. तुमच्या सोयीचं म्हणून शोधलं होतं मी ते, मूर्ख मी! आता ग्वेनल्लियान. नीट ऐका ब्रेंडा, मधे 'ल्ल' आहे. थुंका, फुंका, तोंड वाकडं करा, पण पुरं म्हणायचं. आणि डॅड, तिच्या मागे पिकर्सगिल लागणार. तेही तुम्ही म्हणायचं, तुमच्या त्याच तोंडाने."

"अगं, पुडिंग तरी..." मेन्ना म्हणेपर्यंत दार आपटलं होतं.

ती पोट सांभाळत किनाऱ्याच्या रस्त्याने तरातरा निघाली. थोड्या वेळाने मागून स्टुअर्टची व्हॅन आली आणि तिच्या चालीने शेजारून सरकू लागली.

"गाडीत बस गं."

"कुणाला म्हणतोयस? लिनला की मला?"

"आई एकटी असते. तिला जरा काही दुरुस्त करायला गेलं की ती रडते."

"मी रडत नाही, म्हणून माझं नाव छाटायचं?"

त्याने व्हॅन थांबवली आणि आतून दार उघडलं. ती शेवटी गाडीत बसली, पण पाय सुजले होते म्हणून. घरी पोहोचेपर्यंत तिने काच खाली ठेवली आणि तोंड समुद्राकडे.

नोव्हेंबरात बँगरच्या दवाखान्यात मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, खणखणीत आवाजाची. एम्रिस आले, नातीला हातात घेतलं आणि विरघळले. "ग्वेनल्लियान एम्रिस," ते कौतुकाने म्हणाले. "आजोबाचं नाव मागे, जुन्या रीतीनं. बघ कसं शोभतं."

"पिकर्सगिल, डॅड."

"अगं, आजच्या दिवशी कशाला..."

"आजच. नाहीतर द्या इकडे तिला." तिने खरंच हात पुढे केले.

एम्रिसनी बाळाला घट्ट धरलं. कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून त्यांनी ते आडनाव उच्चारलं. मग ते खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले, पण पोरीला खाली ठेवलं नाही.

ते गेल्यावर स्टुअर्टने आईला फोन लावला. ब्रेंडाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "ग्वेन! किती गोड! आणि लिन कशी आहे?"

स्टुअर्टने पलंगाकडे पाहिलं. ल्लिनोसने मदतीला भुवईसुद्धा हलवली नाही.

"आई, ग्वेन नाही. ग्वेनल्लियान. आणि तिच्या आईचं नाव ल्लिनोस आहे. लग्नाच्या दिवशीच मी तुला सांगायला हवं होतं."

पलीकडे ब्रेंडा रडायला लागली. स्टुअर्ट फोन घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला. हे ऐकल्यावर हलकं वाटेल, असं ल्लिनोसला किती दिवस वाटत होतं. पण तिचा राग उलट वाढला. एवढंच होतं? दोन वाक्यं? आणि त्या दोन वाक्यांसाठी याने मला इतकी वर्षं ताटकळत ठेवलं?

आठवड्याभराने ब्रेंडा विणलेल्या टोप्या घेऊन आली. कोट काढून खुर्चीच्या टोकाशी बसली. डोळे वाटेत पुन्हा रडल्यासारखे लाल होते. पाळण्यात वाकून तिने सुरुवात केली, "ग्वेन-थ्लि-यान."

"थ नाही," ल्लिनोस म्हणाली. "पुन्हा."

"ग्वेन-ख्लि..."

"पुन्हा."

"चहा तरी घेऊ दे गं त्यांना," मेन्ना स्वयंपाकघरातून ओरडली.

"घेऊ देत की. चहा झाल्यावर पुन्हा."

ब्रेंडाने रुमालाने ओठ टिपले. "फार कडक आहेस हं तू, लि..." आणि मधेच थांबली. स्टुअर्ट दारात उभा होता, तो आत आला, आईशेजारी गुडघ्यांवर बसला आणि जीभ कुठे टेकवायची ते तिला तोंड उघडून दाखवू लागला.