हैदराबादची चांदणी

तेराव्याची मंडळी पांगली, माधव नगरातल्या त्या घरातल्या सतरंज्या गुंडाळून झाल्या, तेव्हा मीनाने नवऱ्याचा, शैलेंद्रचा सदरा कपाटातून काढला. दवाखान्यातून कपड्यांच्या पिशवीत आलेला हाच तो सदरा. कुणीतरी तो धुऊन, घडी घालून ठेवला होता. तिने डाव्या खिशात दोन बोटं घातली, मग खिसा उलटा केला. आत काहीच नव्हतं.

शैलेंद्रला नवी नाणी जमवायचा नाद होता. राजेरजवाड्यांची जुनी नव्हेत; सरकार एखाद्या निमित्ताने काढतं आणि बाजारात सोडतं, ती. स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीची नाणी निघाली तेव्हा एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंत सगळी, आणि तीही चारही टाकसाळींची जमवायचीच, असं त्याने ठरवलं. नाण्यावरच्या सालाखाली टाकसाळीची बारीक खूण असते. मुंबईचा हिरा, नोएडाचं टिंब, हैदराबादची चांदणी. कोलकात्याची जागा कोरी. विकत मात्र घ्यायचं नाही, हा त्याचा नियम. फ्रीगंजाच्या बाजारात एकजण अख्खी मालिका डबीत घालून विकायचा, त्याच्या दुकानावरून शैलेंद्र मान वळवून जायचा. चलनातलं नाणं चलनातूनच आपल्या हातावर पडलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

पण हातावर मोड ठेवतंय कोण? भाजीवाल्यापासून मॅजिक रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी फोनने पैसे घ्यायचे चौकोन लटकवलेले. शैलेंद्र मुद्दाम नोट काढायचा आणि उरलेल्या पैशांसाठी हटून बसायचा. कचोरीवाला त्याला लांबून पाहूनच म्हणायचा, "लो, आ गए चिल्लरवाले साहब." रेल्वेत आयुष्य काढून जे समाधान मिळालं नाही ते या पदवीने मिळालं, असं तो घरी येऊन सांगायचा.

खूण वाचायचं काम मीनाचं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेलं, त्यामुळे भिंग कसं धरायचं, उजेड कुठल्या बाजूने घ्यायचा, हे तिला सांगावं लागत नसे. शिवाय गेल्या दोन वर्षांत शैलेंद्रच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचा विषय काढला की तो म्हणायचा, सिंहस्थ आटपू दे, मग बघू. सिंहस्थाशी त्याच्या डोळ्यांचा काय संबंध, हे त्याने कधी सांगितलं नाही.

अल्बममध्ये एकच जागा रिकामी राहिली होती. वीस रुपयांचं, बारा कोनांचं, हैदराबादचं.

त्या दिवशी दुपारी त्याचा फ्रीगंजातून फोन आला. "मिळाली बरं का चांदणी. उन्हात धरून पाहिली. चहा टाक, आलोच." तिने चहा टाकला. नंतर त्याच नंबरवरून फोन वाजला तेव्हा बोलणारा आवाज परका होता. ती दवाखान्यात पोचली तोवर सगळं संपलं होतं.

नवं नाणं मिळालं की तो ते पाकिटात टाकत नसे. इतर नाण्यांवर घासू नये म्हणून डाव्या खिशात एकटं ठेवायचा. म्हणजे ते तिथेच असायला हवं होतं. मीनाला ते हवं होतं. माणूस गेल्यावर जे जे करायचं असतं ते सगळं इतरांनी केलं होतं. खूण वाचून नाणं जागेवर बसवायचं, एवढं एक काम फक्त तिचं उरलं होतं.

तिने कपडे धुणाऱ्या बाईला विचारलं. बंगळुरूहून आलेल्या अपूर्वाला, म्हणजे लेकीला विचारलं. शेवटी विष्णूला विचारलं. विष्णू तिचा धाकटा दीर. देवासहून आल्यापासून सगळी धावपळ त्यानेच केली होती, आणि आता तो परत निघायला बॅग भरत होता. तो बॅगेची चेन लावता लावता थांबला.

"वहिनी, ते मी घेतलं."

मग त्याने सांगितलं. अंत्ययात्रा निघाली त्या सकाळी गुरुजींनी उपरण्याच्या टोकाला तांदळाबरोबर बांधायला नाणं मागितलं होतं. दारात एवढी माणसं, पण एकाच्याही खिशात नाणं नाही. सगळे फोन हातात घेऊन एकमेकांकडे बघत उभे. घरात कुठे शोधायचं हे त्याला सुचेना. तेवढ्यात पिशवीतला सदरा दिसला.

"म्हटलं, दादाचंच आहे, दादाबरोबर जाऊ दे," विष्णू म्हणाला. "माझं काही चुकलं का?"

मीना नाही म्हणाली. त्याच्यावर रागवायचा तिने मनापासून प्रयत्न करून पाहिला, पण जमलं नाही.

ते नाणं विसाव्यावर राहिलं होतं. चक्रतीर्थाच्या स्मशानाच्या वाटेवर तिरडी घटकाभर खाली टेकवतात, खांदे बदलतात, आणि उपरण्याच्या टोकाचे तांदूळ नि नाणं तिथल्या मातीत ठेवून पुढे जातात. तिथलं काही परत आणत नाहीत. विष्णूने एवढं सांगून जागेची खूणही सांगितली. निंबाखाली, मातीवर त्याने विटेचा तुकडा ठेवला होता. अडवायचं असतं तर त्याने ती सांगितली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी तिथे गेल्या. मीनाने चपला काढल्या. विटेचा तुकडा जागेवरच होता. अपूर्वाने तो सरकवून बोटांनी माती उकरली. तांदूळ मुंग्यांनी नेले असावेत, एकही नव्हता. नाणं होतं. तिने ते ओढणीला पुसून आईच्या तळहातावर ठेवलं.

मीनाने पर्समधून भिंग काढलं, उन्हाकडे पाठ केली आणि नाणं जरा कलतं धरलं. सालाखाली पाहिलं. नाणं फिरवून दुसऱ्या बाजूने उजेड घेतला, पुन्हा पाहिलं. खुणेची कडा गोल होती. कुठेच टोक नव्हतं.

"टिंब आहे," ती म्हणाली. "नोएडाचं."

"अरेरे," अपूर्वा म्हणाली. "म्हणजे बाबांना नीट दिसलंच नाही."

आणि ती पुन्हा खाली बसून खड्डा नीट करू लागली.

मीना तशीच उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिचं पहिलं वाचन शैलेंद्रने एकदाही मान्य केलं नव्हतं. टिंब म्हटलं की तो खुर्ची ओढून शेजारी यायचा. भिंग उलटं धरलंय म्हणायचा, दिवा मंद आहे म्हणायचा, तुझ्या कॉलेजात असंच शिकवता का म्हणायचा. मग ती पुन्हा पाहायची, पुन्हा तेच सांगायची, आणि दोघांची बराच वेळ जुंपायची. शेवटी तो हरायचा, आणि दुसऱ्या दिवशी नवी नोट मोडायला बाहेर पडायचा.

आता ती भिंग डोळ्याजवळ धरूनच थांबली होती. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. अपूर्वाने खाली बसूनच हात पुढे केला.

"दे आई, ठेवून टाकते."

"तू एकदा बघतेस का?" मीनाने विचारलं. "माझं चुकलं असेल."

"तुझं कसं चुकेल?" अपूर्वा म्हणाली. तिने नाणं घेतलं, खड्ड्यात ठेवलं आणि वरून माती लोटली.