घरात करणारं कोणी आहे का?

आमच्या फॉर्मवरचा सातवा प्रश्न मी झोपेतही म्हणून दाखवीन. "घरात करणारं कोणी आहे का? हो / नाही." आमच्या खात्याचं काम एवढंच, की अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी आठवड्यातून तीन दिवस नर्स पाठवायची. नर्सेस मोजक्या, अर्ज ढीगभर. म्हणून सातव्याला "हो" असेल तर अर्ज बाजूला. बाजूला काढायचं काम खिडकी क्रमांक तीनचं, म्हणजे माझं. सव्वीस वर्षं झाली. मान गेली, मनगट गेलं, आणि खरं सांगायचं तर कीव यायचीही बंद झाली.

गंमत अशी, की बहुतेक सगळे "हो"च लिहितात. सून शेजारी उभी असताना सासरा "नाही" कसं लिहील? आणि जी बाई रात्रंदिवस नवऱ्याचं करते, ती "नाही" लिहून स्वतःलाच घरातून वजा करेल का? तेव्हा "हो". मग मी शिक्का मारते: अपात्र. लोक विचारतात, "अहो, पण का?" मी म्हणते, "तुम्हीच लिहिलंय ना, हो म्हणून." पुढचा.

मागच्या वर्षी टपालाने माझ्या थोरल्या बहिणीचा अर्ज आला. आईसाठी. सातव्याला ठसठशीत "हो". एक फोन केला असता तर काम झालं असतं. "ताई, नाही लिही आणि परत पाठव." नाही केला. आजवर कोणाला खिडकीआडून उत्तर पुरवलं नाही, मग घरच्यांना कसं पुरवू, अशी मी माझी समजूत घातली आणि शिक्का मारला. ताईने कधी विषय काढला नाही. मीही नाही. रविवारी आईकडे फळं घेऊन जायचे, तेही हळूहळू महिन्यावर आलं. दोन बस बदलाव्या लागतात, गुडघे दुखतात, घरचं उरकत नाही. कारणं काय, मागाल तितकी देते.

तर अशा आमच्या कार्यालयात सेवा सुधारायला माणसं आली. तिघंजण. त्यांची प्रमुख पस्तिशीची बाई, हातात कायम रंगीत चिकट कागदांची गड्डी. जे दिसेल त्यावर चिकटवायची. आमच्या शिपाईकाकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव चिकटपट्टी ठेवलं. आठवड्याभरात तिने माझ्या खिडकीसमोरची अख्खी भिंत भरून टाकली. चार मोठे कागद, प्रत्येकावर एक माणूस काढलेला, खाली त्याची माहिती.

"याला पर्सोना म्हणतात," ती मला म्हणाली. "खऱ्या लोकांशी बोलून बनवलेली नमुन्याची माणसं. निर्णय घेताना यांच्याकडे बघायचं."

"सोंगं," काका म्हणाले. तेव्हापासून कार्यालयात तोच शब्द चालू झाला. साहेबसुद्धा मीटिंगमध्ये म्हणाले, "सोंगांचं कुठवर आलं?"

मी आधी खूप हसले. इथे रोज खिडकीवर जिवंत माणसं रांगेत उभी असतात, ती कोणी बघत नाही, आणि कागदाच्यांचे लाड. दुपारी डबा खाताना मात्र भिंत समोरच, न वाचून सांगता कोणाला? आजोबा. रिक्षावाला. नवी सून. चौथं सोंग होतं "ताई".

"वय साठच्या आसपास. एकटी आईचं करते. आई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. आता भान नाही, पण दर पाच मिनिटांनी म्हणते, 'थांबा, जोडून देते.'"

माझा घास तोंडातच राहिला. नाव लिहिलं नव्हतं, वय थोडं बदललं होतं, पण माझ्या आईचं वाक्य जगात दुसऱ्या कोणाची आई म्हणणार? खाली अजून होतं. "आईला आंघोळ घालताना बाहेरच्या दाराची कडी काढून ठेवते. आपला पाय घसरला तर कोणाला तरी आत येता यावं म्हणून." आणि अगदी शेवटी, "मदत" असं लिहिलेल्या चौकोनात: "धाकटी बहीण याच खात्यात. तिला त्रास नको म्हणते."

लाज वाटली. सरळ सांगते, इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आणि रागही आला, ताईचा. मला नाही सांगितलं ते या चिकटपट्टीला सांगितलं? डबा तसाच बंद केला.

"ही माणसं तुम्हाला कुठे भेटली?" मी तिला जाऊन विचारलं, जमेल तितक्या कोरड्या आवाजात.

"नाकारलेल्या अर्जांतले पत्ते घेऊन घरोघरी गेलो," ती म्हणाली. "ही ताई तर दोन तास बोलत होती. म्हणाली, कोणी विचारलंच नव्हतं."

मी परत खिडकीवर जाऊन बसले. बोलणार काय, कपाळ?

पुढच्या आठवड्यात तिने हॉलमध्ये पुठ्ठ्याची खिडकी उभी केली. टीव्हीच्या खोक्याला भोक पाडलेलं. फॉर्म हाताने लिहिलेले, झेरॉक्स काढलेले. म्हणाली, पक्कं करण्याआधी कच्चं करून बघायचं, कुठे अडतं ते कळतं. खिडकीत बसायला मला सांगितलं. मी नव्या फॉर्मचा सातवा प्रश्न वाचला. "घरी काळजीवाहू व्यक्ती उपलब्ध आहे का?"

"हे तेच झालं," मी म्हटलं. "इस्त्री करून आणलंय फक्त."

"मग काय विचारायचं?"

मला वाटतं, सव्वीस वर्षांत मला हे पहिल्यांदाच कोणी विचारलं. "आहे का, असं विचारलंत की माणूस हो म्हणणारच," मी म्हटलं. "नाही कसं म्हणेल, तो जिवंत उभा असतो तिथे. कोण करतं ते विचारा. आणि ती पडली तर तिच्यामागे कोण, ते विचारा."

तिने तिथल्या तिथे सातवा प्रश्न खोडून जाड पेनने लिहिलं: "घरात कोण करतं? ती व्यक्ती आजारी पडली तर दुसरं कोण?" दुसरं कोणी नसेल, तर अर्ज पात्र. साहेबांनी नाक मुरडलं, पण पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्या दिवसांत आलेले अर्ज खरे अर्ज म्हणून धरायचे, नंतर जुना फॉर्म परत. आणि काय सांगू, लोक लिहायला लागले. त्या दुसऱ्या ओळीशी पेन थबकायचं, मग खाली उतरायचं: कोणी नाही. एक पैलवानासारखा गडी ते लिहून बराच वेळ तसाच उभा राहिला. काका त्याच्यासाठी न सांगता पाणी घेऊन आले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, पुठ्ठ्याच्या भोकातून ताई दिसली. चिकटपट्टीने तिला फोन करून बोलावलं होतं. कमरेला पट्टा बांधलेला.

"आईपाशी कोण आहे?" मी विचारलं.

"शेजारीण. तासभर बसते म्हणाली."

"आणि हा पट्टा कधीपासून?"

"झाले दोन महिने. डॉक्टर म्हणतात वजन उचलायचं नाही, नाहीतर ऑपरेशन." ती हसली. "आईला सांगते आता, बाई गं, जरा हलकी हो."

मला हसू आलं नाही. फॉर्म पुढे केला. ताईचं अक्षर आईसारखं, गोल, सावकाश. "घरात कोण करतं?" यापुढे तिने लिहिलं: मी. "ती व्यक्ती आजारी पडली तर दुसरं कोण?" तिथे ती थांबलीसुद्धा नाही. लिहिलं: धाकटी बहीण.

फॉर्म माझ्याकडे सरकवून ती पिशवीत चष्म्याचं घर शोधायला लागली. मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. दुसरं माणूस आहे, म्हणजे अर्ज बाजूला. मीच सुचवलेला प्रश्न, मीच सुचवलेला निकष.

"ताई, हे खोडावं लागेल."

"का?"

"दुसरं कोणी आहे म्हटलं तर नर्स मिळत नाही. उद्यापासून जुना फॉर्म. आजच काय ते."

"मग नको मिळू दे," ती म्हणाली. "तू आहेस ना. मी खोटं कशाला लिहू?"

मागे रांग होती. कोणीतरी खोकलं. "मी येईन, मीच आईला उचलीन" असं म्हणायला एक क्षण हाताशी होता. मी तो जाऊ दिला. अंगात तेवढं बळ नव्हतं, आणि शब्द देऊन मग न जाण्याचं तोंड तर मुळीच नव्हतं.

"खोटं कुठे आहे त्यात?" मी म्हटलं.

ताईने मान वर केली. कितीतरी वर्षांनी तिने मला असं नीट पाहिलं. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने फॉर्म परत ओढून घेतला, "धाकटी बहीण"वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, कोणी नाही.

"खाडाखोडीच्या शेजारी सही लागते," मी म्हटलं. सगळ्यांना सांगते तसंच.

तिने सही केली.

"पावती मिळते ना याची?" तिने विचारलं.

"मिळते," मी म्हटलं, आणि इतरांना विचारते तसं तिचं नाव विचारलं नाही, पावतीवर लिहिलं.