त्यानं वळलेला दोर

विहीरवाल्याची थोरली त्याला पहिल्यांदा दिसली तीच जमिनीतून वर येताना. आधी दोर धरलेले चिखलाचे हात वर आले, मग डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, मग चेहरा. चेहराही चिखलाचाच, डोळे तेवढे स्वच्छ. तिनं काठावर पाय टाकला, दोराला बांधलेली बसायची पाटली बाजूला केली आणि 'खाली झरा मोकळा झालाय' एवढंच बापाला सांगितलं. जणू शेजारच्या खोलीत जाऊन आली होती.

सुतळ्या बादल्यांचे दोर द्यायला आला होता. खांद्यावरचं ओझं उतरवायचं भान त्याला राहिलं नाही. आईबापांनी त्याचं चांगलं नाव ठेवलं होतं, पण धंदा दोर वळायचा आणि अंगकाठी ही अशी. गावानं एकदा सुतळ्या म्हटलं ते कायमचं चिकटलं.

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी संध्याकाळी तो विहीरवाल्याच्या घरी जाऊन बसू लागला. मुलगी मनात भरली तर उजळ माथ्यानं घरी यायचं, बापाच्या नजरेसमोर बसायचं, असा तो जमाना होता. दाराजवळच्या बाकावर तो बसे. विहीरवाला रहाटाच्या आसाला वंगण लावत असे आणि थोरली उंबऱ्यात बसून टिकावाला धार काढत असे. विहिरीच्या तळातून बोललेलं वर नीट पोचत नाही, म्हणून की काय, त्या घरात सगळेच मोजकं बोलत. सुतळ्या हवेबद्दल बोले. मग हवा संपे.

"बोललास का रे काही?" घरी आला की आत्या विचारायची. आईबापांमागे तिनंच त्याला वाढवलं होतं.

"बोललो की. थंडी वाढलीय म्हणालो."

"वा! म्हणजे तो बाक आणि तू, दोघांत तू जरा जास्त बोलतोस तर."

आत्या हसायची, पण त्याला रात्री झोप लागायची नाही. आपण तिला आवडतो की ती आपल्याला नुसती खपवून घेते? जी बाई एकटी काळोखात उतरते, पाण्याला वाट करून देते, तिला या काडीपैलवानाचं काय कौतुक असणार? आणि हे असं वाटत असतानाही पुढच्या बाजारच्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळायचे. पायांना कुणी विचारत नव्हतं.

एका संध्याकाळी विहीरवाला वंगणाचे हात पुसत म्हणाला, "मोठ्या विहिरीचा गाळ काढायचाय. नवा दोर लागेल."

"देतो की, काका."

"पोर उतरते त्याच्यावर," विहीरवाला म्हणाला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "समजलं ना?"

सुतळ्याला समजलं. दुसरा कुठलाही दोर कुणालाही वळायला सांगता आला असता. हा दोर सांगणं म्हणजे अर्धी मुलगी हातात देणं होतं.

घरामागे झाडांच्या रांगेत त्याची दोर वळायची जागा होती. एका टोकाला आत्या चाक फिरवायची आणि तो कमरेला ताग गुंडाळून, बोटांमधून तंतू सोडत उलटा चालत जायचा. चाक आणि चाल यांचा मेळ बसला की पीळ सारखा पडतो. उलटं चालणाऱ्यानं थांबायचं नसतं, एवढा एकच नियम.

दोराचा तिसरा पेड वळत असताना थोरली आली. आजवर ती कधीच आली नव्हती. दोर ताणलेला होता तिथं उभी राहिली आणि वळून झालेल्या पेडावरून तळहात फिरवत हळूहळू त्याच्या दिशेनं चालू लागली. सुतळ्या थांबला. त्याला वाटलं, ती आपल्याच हातावरून हात फिरवतेय. चाक मात्र फिरतच होतं, कारण आत्याही त्या पोरीकडेच बघत बसली होती.

"माझं वजन पेलेल?" तिनं विचारलं.

"पेलेल."

ती मान हलवून निघून गेली. सुतळ्यानं खाली पाहिलं. हातापाशी पीळ साचून पेडाला गाठाळ फुगवटा आला होता, आणि मग तो घाईनं मागे सरकला म्हणून त्याच्या पुढचा हातभर भाग ढिला पडला होता. असा पेड टाकून द्यायचा असतो, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. पण तिनं हात फिरवलेला पेड टाकवेना. त्यानं ती जागा बोटांनी दाबून, चोळून सारखी केली आणि दुसऱ्या दोन पेडांत गुंडाळून टाकली. प्रेमात पडलेल्या माणसाच्या हाती धंद्यातली अक्कल देऊ नये, हे आपलं माझं मत.

दोर पोचता केला त्या दिवशी विहीरवाल्यानं दगडांचं पोतं बांधून तो ताणून पाहिला. दोर जराही कुरकुरला नाही. "हात चांगला आहे तुझा," विहीरवाला म्हणाला. त्याच्या तोंडून कुणाचं कौतुक गावानं ऐकलं नव्हतं. सुतळ्या सांगायला म्हणून तोंड उघडत होता, ते त्यानं मिटलं. कोरडा दोर दगड पेलतो, पण पाण्यात भिजून, वर-खाली हिसके बसून तीच जागा पहिली सुटते, हे त्याला ठाऊक होतं. टिकेलही कदाचित, असं तो मनाला सांगत राहिला.

गाळ काढायच्या दिवशी तो मोठ्या विहिरीवर गेला. थोरली पाटलीवर बसली, दोर एकदा खेचून पाहिला आणि काठावरून आत झाली. विहीरवाला रहाटाचा दांडा आवरत दोर सोडू लागला. वेढ्यामागून वेढा सुटत होता. सुतळ्याची नजर रहाटावर खिळली. आणि त्याला ती जागा दिसली. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. अजून ती रहाटावरच होती. आता चार वेढे, आता तीन. एकदा ती जागा रहाटावरून सुटली की थोरलीचा सगळा भार तिच्यावर येणार होता.

"थांबवा!" तो ओरडला. "काका, वर घ्या तिला. दोर कच्चा आहे!"

विहीरवाल्यानं लगेच दांडा उलटा फिरवला. ती वर आली, काठावर उभी राहिली आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहू लागली. सुतळ्यानं दोर पुढे ओढून ती जागा दाखवली. तिनं डोळे मिटून बोटांनी ती चाचपली.

"हे कधी झालं?" विहीरवाल्यानं विचारलं. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"ही आली होती ना बघायला, तेव्हा." सुतळ्याची मान वर होईना. "मी हिच्याकडे बघत राहिलो. मग टाकून द्यायला जीव धजेना. चुकलं माझं, काका. फार मोठं चुकलं."

इतके दिवस बाकावर बसून जे बोलायचं राहिलं होतं, ते असं तोंडातून गेलं. तेही बापासमोर, आणि गुन्हा कबूल करताना. सगळं संपलं, असं त्याला वाटलं.

विहीरवाल्यानं कमरेचा विळा काढून त्याच्यासमोर धरला. "तूच काप."

त्यानं कापला. खराब तुकडा बाजूला फेकला आणि कुणी काही सांगायच्या आत तिथंच मातीत बसून दोन्ही टोकांचे पेड उलगडू लागला. एकमेकांत गुंफत, प्रत्येक वेढा दातांनी आवळत त्यानं लांबलचक सांधा केला. ओठांतून रक्त आलं. थोरली समोर बसून त्याचे हात बघत होती, पण या वेळी त्यानं मान वर केली नाही.

"आता आधी मी उतरतो," तो म्हणाला. तो जन्मात कधी विहिरीत उतरला नव्हता.

पाटली काठाखाली गेली आणि त्यानं दोर दोन्ही हातांनी घट्ट आवळला. मग हळूहळू भीती मागे पडली. दगडांवर टिकावाचे घाव दिसत होते, वरचे जुने आणि झिजलेले, खालचे ताजे. ताज्यांमधले काही तिचे असणार. गारवा अंगावर आला. आवाज विझले. पाय तळाच्या गाळात टेकले, तेव्हा दगडाच्या फटीतून पाणी येताना त्याला दिसलं. बोटाएवढी धार, पण थांबत नव्हती. वर सगळं गाव रोज जे पितं, ते इथं असं कुणालाही न विचारता येत होतं. त्यानं धारेखाली हात धरला आणि त्याचे डोळे भरून आले. ही बाई रोज हे बघून वर येते आणि 'झरा मोकळा झालाय' एवढंच म्हणते! त्याला देवळात कधी वाटलं नव्हतं एवढं लहान वाटलं, आणि तसं वाटून घेण्यात सुखही होतं.

त्यानं पाटली मोकळी केली, नुसता दोर हलवून इशारा केला. पाटली वर गेली. आता गाळाची बादली येईल, असं समजून तो बाजूला सरून उभा राहिला.

वरचा उजेड झाकला गेला. त्यानं मान वर केली. दोन पाय खाली येत होते. मग लुगड्याचा काचा, मग दोर धरलेले हात. आणि तिच्या डोक्याच्या बराच वर, तिचा सगळा भार घेऊन, त्याचा सांधा सावकाश खाली येत होता. दोर सोडायला वर दुसरं कुणी नव्हतं. तिचा बापच तिला खाली सोडत होता.

ती गाळात उतरली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. झऱ्याचा तेवढा आवाज येत होता.

"हं," ती म्हणाली. "बोला आता. हवेचं सोडून काहीही."