लायनरला घाम फुटला

सिन्नरच्या जीपस्टँडमागे त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. घोटीच्या वाटेवरच्या सगळ्या जीपचे ड्रायव्हर, त्यांच्या घरच्या बाया, भेळवाला आणि कुठल्याशा लग्नाला निघालेलं अर्धं वऱ्हाड. सगळे माना उंचावून बघत होते एका उघड्या डिझेल इंजिनाकडे! माझं सुट्या भागांचं दुकान तिथं समोरच आहे, पण इंजिन बघायला वऱ्हाड थांबलेलं मी एकोणीस वर्षांत प्रथमच पाहिलं.

इंजिन भिकाच्या जीपचं. त्याचे चारही लायनर झिजले होते. लायनर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये घट्ट बसवलेली बिडाची नळी. तिच्यात पिस्टन वरखाली होतो. जुने चारही लायनर सावळीराम मिस्त्रीने पुलरने ओढून सुखरूप काढले. नवा ठोकायला घेतला आणि तो तडकला. दुसराही तडकला. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

आणि त्याआधीच्या बुधवारी तिथं अवजारबाबा नावाचे एक बुवा उगवले होते. तांब्याच्या घंगाळात त्यांनी नवा लायनर ठेवला, वर लाल कापड टाकलं. घंगाळातून पांढरा धूर सांडू लागला. बाबा पुटपुटले. चामडी हातमोजे घातलेल्या शिष्याने लायनर उचलून ब्लॉकच्या भोकावर धरला, तर तो हातोडीचा एक ठोकाही न खाता सुळकन आत गेला! थोड्या वेळाने दोघांनी ओढून पाहिला, तो तसूभर हलेना. माझेही हात जोडले जायला लागले, म्हणून मी ते खिशात घातले.

“लोखंडाला कान असतात, बेटा!” बाबा गरजले. “ते माझं ऐकतं. ह्या मिस्त्रीच्या हाताला शाप आहे. ह्याने जोडलेलं इंजिन घाटात पेट घेणार!” आणि जाताजाता उरलेल्या तीन लायनरसाठी रविवारचा मुहूर्त आणि हायवेवरच्या आपल्या भाच्याच्या गॅरेजचा पत्ताही देऊन गेले. शापावरचा उतारा नेमका भाच्याच्याच गॅरेजात कसा मिळतो, हे एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सावळीरामकडे कुणी फिरकेना. मला बाबाचा राग आला, पण त्याहून जास्त सावळीरामचा आला, कारण त्यालाही ते पटलं होतं. त्याने हातोड्या गोणीत भरल्या होत्या. “हात गेला रे माझा,” एवढंच म्हणायचा.

शेवटी मी निलोफर मॅडमना गाठलं. त्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“धूर वर जात होता की खाली?”

“खाली. काठावरून जमिनीवर.”

“उदबत्तीचा धूर कधी खाली जाताना पाहिलाय? आणि मंत्राने भारलेली वस्तू उचलायला हातमोजे कशाला?” त्या हसायला लागल्या. “उरलेले तीन रविवारी बसवणार ना? मग भिकाच्या आईला, म्हणजे अक्काबाईंना, आरतीला बोलवा. बाकी काही करू नका.”

अक्काबाई आरतीचं एक कडवं गाळत नाहीत, हे अख्ख्या सिन्नरला ठाऊक आहे.

तर रविवारी शिष्याने घंगाळातून लायनर काढला. त्यावर पांढरी साय धरली होती. बाबांनी हात उंचावला, तेवढ्यात अक्काबाई तबक घेऊन पुढे आल्या.

“थांबा महाराज, आरती व्हायची हाय.”

“नंतर, माई! मुहूर्त टळेल!”

“आधी देवाचं, मग इंजिनाचं. इतकी माणसं का उगाच जमली?”

गर्दीने टाळ्या धरल्या. बाबा काय करणार? पहिली आरती झाली, दुसरी सुरू झाली. अक्काबाई लायनरभोवती कापूर ओवाळत होत्या. पांढरी साय वितळली, थेंब ओघळू लागले. लायनरला घाम फुटला. त्याहून जास्त बाबांना फुटला. तिसऱ्या आरतीनंतर शिष्याने लायनर भोकावर टेकवला. तो जेमतेम बोटभर आत गेला आणि अडकला. बाबांनी मंत्र म्हटला, मग ओरडले, मग वरून बुक्की मारली आणि हात झटकत बसले.

“आज नाय ऐकत व्हय लोखंड?” मागून कुणीतरी विचारलं. वऱ्हाड खो खो हसलं.

निलोफर मॅडमनी लाल कापड ओढलं. आत पांढरे खडे होते. “आइस्क्रीमच्या पार्सलात घालतात तो कोरडा बर्फ. त्याचा धूर गार आणि जड, म्हणून खाली सांडतो. लोखंड गार झालं की आकसतं. केसाच्या जाडीइतकंच, पण तेवढं पुरतं. आत बसल्यावर ते ऊब धरतं, फुगतं आणि घट्ट होतं. आरतीत ते बाहेरच गरम झालं. मोठ्या कारखान्यांत हे रोज करतात, कुणी पाया पडत नाही.”

बोलता बोलता त्यांनी दुसरा लायनर घंगाळात ठेवला होता. त्यावर साय धरल्यावर हातमोजे घालून तो उचलला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, “तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस...” एकोणचाळीसच्या आत लायनर बसला.

बाबा आणि शिष्य कधी पसार झाले, ते हसण्याच्या नादात कळलंच नाही. घंगाळ मात्र राहिलं.

“पण माझ्या हातून दोन फुटले, त्याचं काय?” सावळीरामने हळूच विचारलं.

“पुलर लावून हा अडकलेला काढा आणि भोकाच्या आत बोट फिरवा.”

त्याने लायनर काढला, बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला. “गंज! तळाला कडं हाय गंजाचं. खरवडायचं राहिलं. ह्या भिकानं लय घाई लावली होती.”

बाबांनो, शाप शोधण्याआधी बोट फिरवून बघा. धूर कुठं जातो, हातमोजे कशाला, पत्ता कुणाचा, एवढं विचारायला शाळाही लागत नाही.

सावळीरामने भोकं पॉलिश पेपरने साफ केली. काढलेला लायनर पुन्हा गार करून बसवला. मग हातमोजे घालून शेवटचा घंगाळातून उचलला आणि भोकावर धरला. पण सोडेना.

“मॅडम, पाढा म्हणू का?”

“काही म्हणू नका, काका. लायनरला कान नसतात.”

त्याने सोडला. लायनर सुळकन आत गेला. सावळीराम हातमोजे काढून आपल्या हातांकडे बघत राहिला, मग गोणीकडे वळून त्याने हातोड्या बाहेर काढल्या.