क्लचमधली हवा आणि शेजारचा आयनो

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक. कारखान्यातून निघालो तेव्हा गडद निळा होतो. आता हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने मला खालून इतके खाल्ले आहे की रंगाचे विचारू नका. अमेरिकेतल्या डुलुथ गावाच्या उभ्या चढांवर माझी पस्तीस वर्षे गेली. माझा मालक मर्ल सुतार होता. फळ्या, शिड्या, खिडक्यांच्या चौकटी, सारे मी वाहिले. "हा कधी दगा देत नाही," असे तो चारचौघांत सांगे. तो वारला आणि त्याची बायको आर्डिस मला चालवू लागली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती आपल्या बहिणीला डायलिसिससाठी इस्पितळात नेते. बहिणीकडे गाडी नाही. त्या दोघींचा सारा भार माझ्यावर.

शेजारी आयनो राहतो. गोदीत काम करून थकलेला, एकटा माणूस. बर्फ वितळला की दरवर्षी तो कुंपणाशी येऊन म्हणे, "आर्डिस, विकायचा झाला तर आधी मला सांग हं." बोलताना तो तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाही. मला त्याची ती नजर कधीच आवडली नाही.

एका सकाळी तो आमच्या अंगणात आला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि गुडघे टेकून माझ्याखाली हात घातला. बोटे एकमेकांवर चोळली, हुंगली, विजारीला पुसली आणि निमूट निघून गेला. काही तरी काळेबेरे आहे, असे माझ्या मनात आले. आर्डिसनेही ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले होते.

दोनच दिवसांनी तो प्रसंग आला. उतारावरच्या चौकात लाल दिवा लागला. आर्डिसने क्लच दाबला. पेडल चिखलात पाय रुतावा तसे खाली गेले ते वर आलेच नाही. गियर सुटेना. मी पुढे रेटतच राहिलो. समोर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. आर्डिस दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिली. मी आचके देऊन बंद पडलो. बाबागाडी आणि मी, मध्ये हातभर जागा होती.

मला ओढून घरी आणले. क्लचच्या तेलाची डबी कोरडी होती आणि गियरबॉक्सजवळचा, क्लच ढकलणारा छोटा सिलिंडर तेलाने ओला झाला होता.

"हे आयनोचंच काम," आर्डिस बहिणीला फोनवर म्हणाली. "मी पाहिलंय त्याला." मलाही तेच वाटत होते.

नवा सिलिंडर तिने स्वतःच बसवला. चाळीस वर्षे मर्लच्या हातात पाने देऊन ती शिकली होती. पण नळीत शिरलेली हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने खाली निजून सिलिंडरवरचे हवा सोडायचे निपल उघडायचे. दुसऱ्याच दिवशी मंगळवार, म्हणजे इस्पितळाची फेरी होती. गल्लीतले सगळे कामावर गेले होते. ती नाइलाजाने कुंपणाशी गेली.

"आयनो, पेडल दाबायला माणूस हवाय."

"मी खाली जातो ना. तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघेन. तुझे हात खाली नकोत मला."

ती पाठीवर सरपटत माझ्याखाली आली. तिने निपलला पारदर्शक नळी लावली आणि तिचे टोक जॅमच्या बरणीत सोडले.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव!" तिने निपल सैल केले. तेल आले, त्यात बुडबुडे. तिने निपल पुन्हा आवळले. "सोड!"

असे कितीदा तरी झाले. डबीत तेल भरले, पुन्हा दाबले, पुन्हा बुडबुडे.

"मी सांगायच्या आधी पाय उचलतोस तू," ती खालून ओरडली. "हवा परत आत जाते. मुद्दाम करतोयस!"

"मुद्दाम कशाला करीन? पाय थकलाय माझा."

"आणि त्या दिवशी इथं खाली काय चाललं होतं तुझं?"

त्याने दार उघडून खाली वाकून पाहिले.

"मी काही तोडलं नाही, आर्डिस. तेल गळत होतं. महिनाभर गळतंय. मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं... या ट्रकनं छळलं की विकून टाकशील."

ती बाहेर आली. कपाळावर तेलाचा ओघळ होता. "चौकात बाबागाडी होती, आयनो. आत पोर होतं."

त्याच्या हातांवर मी उगाच आळ घेतला होता. त्याच्या नजरेबद्दल मात्र मी चुकलो नव्हतो.

ती त्याला हाकलेल असे मला वाटले. तिने कपाळावरचे तेल बाहीने पुसले. मग पुन्हा जमिनीवर निजली आणि म्हणाली, "पाय पेडलवर आहे ना? मग दाब. आणि मी सांगायच्या आधी उचललास तर बघ."

या वेळी त्याने पाय उचलला नाही. हळूहळू बुडबुडे विरळ झाले, आणि शेवटी तेल एका धारेत स्वच्छ आले. पेडल पुन्हा टणक झाले.

"परत कधी विकत मागणार नाही," तो उतरताना म्हणाला.

"माग की. पण गळताना दिसलं तर ते आधी सांग."

मंगळवारी बहिणीने विचारले, "कुणी गं दुरुस्त केला?"

"आम्ही दोघांनी," आर्डिस म्हणाली. "त्यातल्या एकाचा मला अजून भरवसा नाही."

मित्रांनो, आम्हांला तोंड नाही. जमिनीवर थेंब पाडणे एवढेच आमचे बोलणे. आमच्या डबीत अधूनमधून डोकावत जा. आणि थेंब दुसऱ्याच्या गाडीखाली दिसला, तरी कृपा करून त्याचे दार वाजवा.