ठक ठक दारावर

“ठक ठक दारावर, कोण बाई आलं?” मावशींनी रिकाम्या डब्यावर मूठ आपटली.

“ससोबाचं पिल्लू, भिजून चिंब झालं,” चटईवरची चार पोरं कुडकुडायचं सोंग करत म्हणाली.

“उघडू का दार?”

“नको, नको, थांब. आधी शेपूट दाखव, किती आहे लांब.”

अकरा वर्षं मावशींच्या पुढच्या खोलीत हे असंच चाललं होतं. गल्लीतली निम्मी पोरं या चटईवरूनच शाळेत गेली. गाणं एकच, पण त्यातच मोजणं, बटण लावणं, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणं, सगळं बसवलेलं. ओळीचा शेवटचा शब्द मावशी सोडून द्यायच्या आणि पोरांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. आयांना वाटे, किती जीव लावते ही बाई.

खरी गोष्ट घरातल्या दोघांनाच ठाऊक होती. दोन वर्षांपासून मावशींना ऐकू येईनासं झालं होतं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची घंटा, मग पोरांचं बारीक रडणं. शिवणकाम सोडून घरी बसलेले काका रोज कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसत आणि मागे कुणी रडलं की पेपर फडकवत.

“मशीन लाव अगं कानाला,” ते म्हणत.

“म्हणजे दारावर पाटीच लावा की. बहिरीकडे कोण पोर ठेवतंय? त्यापेक्षा कान तुमचे, पोरं माझी.”

आज काका दाढ काढायला गेले होते. तासाभरात येतो म्हणाले होते.

आणि आज पोरं अगदी रंगात आली होती. मावशींनी मूठ उचलायच्या आधीच, आतल्या बाजूला माना वळवून, “नको, नको, थांब” म्हणत खिदळत होती. मावशी हरखल्या. अंगात मुरलं की पोरं अशी आपणहून सुरू होतात. त्यांनी एकेकाच्या पाठीवर थाप दिली, शेपट्यांसाठी दोऱ्या काढल्या, वाटल्या. एक दोरी उरली.

पिटुकलीची. ती मघाशी शू करायला गेली होती.

त्या उठल्या, तेवढ्यात पिटुकलीची आई दारात आली. दवाखान्यातली नर्स, ड्यूटीवरून थेट आलेली. ती उंबऱ्यातच थबकली, तिने कान टवकारले आणि मावशींना बाजूला सारून आत धावली. उरलेली दोरी हातात तशीच घेऊन मावशी तिच्यामागे गेल्या.

पोरांना आपली आपण लावता यावी म्हणून मावशींनीच मोरीच्या दाराला कडी खाली बसवून घेतली होती. ती अडकली होती. आईने खांद्याने दार रेटलं. पिटुकलीच्या मुठी लाल झाल्या होत्या. रडून रडून आवाज बसला होता. आईने तिला उचललं आणि तिच्या केसांत तोंड खुपसूनच काहीतरी विचारलं. मावशींना ओठ दिसले नाहीत. प्रश्न मात्र आपल्यालाच आहे, एवढं कळलं.

“हो, हो,” त्या म्हणाल्या. दोन वर्षं त्या सगळ्यांना हेच म्हणत आल्या होत्या.

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग पोरीला घेऊन निघून गेली.

काका आले तेव्हा बाकीची पोरंही गेली होती. त्यांनी तोंडातला कापूस काढला, मावशींसमोर बसले आणि सावकाश बोलले.

“पिटुकलीची आई गल्लीत भेटली. म्हणाली, शिक्षा म्हणून आत रडू दिलंत का विचारलं, तर मावशी सरळ हो म्हणाल्या.”

मावशींनी भिंतीला पाठ टेकली. “ती आतून दार ठोकत होती हो. पोरांना वाटलं, खेळच चाललाय. पोरं तिला नको, नको, थांब म्हणत होती. आणि मी शाबासकी देत होते.”

“हे बघ, आपण म्हणू, तू स्वयंपाकघरात होतीस, नळ सुरू होता, कडी अडकली. घाबरून हो म्हणालीस. मी सांगतो तिला. कुणीही मानेल.”

“आणि उद्या?”

“उद्यापासून मी हलत नाही. आता काढायला दाढही उरली नाही.”

मावशींना हसू आलं नाही. त्यांनी हातातल्या दोरीला गाठ मारली.

“मोठी माणसं मानतील हो,” त्या म्हणाल्या. “पण त्या साडेतीन वर्षांच्या पोरीला वाटणार, मी हाका मारल्या, आणि मावशीनं ऐकूनही दार उघडलं नाही.”

“अगं, वर्ग जाईल.”

मावशींनी चपला घातल्या. काका बरोबर निघाले, त्यांना त्यांनी हातानेच बसवलं.

पिटुकलीच्या आईने दार अर्धंच उघडलं. पोरगी तिच्या पायाला चिकटून उभी होती. मावशी तिथेच, पायरीवर, तिच्याएवढ्या होऊन बसल्या.

“मी तुला मुद्दाम रडू दिलं नाही गं. तू मारलेल्या हाका मला ऐकूच आल्या नाहीत. माझे कान बिघडलेत. दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नव्हतं.”

पिटुकलीने थोडा विचार केला. मग पुढे वाकून मावशींच्या कानात डोकावून पाहिलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

आई घरात बघत काहीतरी बोलली. मावशींनी मान खाली घातली, मग वर केली.

“इकडे बघून सांगा, बाई. मला कळलं नाही.”

आई वळली. तिचे डोळे भरले होते, तरी एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, “उद्यापासून तिला पाठवणार नाही, मावशी. आणि बाकीच्यांनाही सांगावं लागेल मला.”

मावशी तिच्या ओठांकडे बघत राहिल्या, ते मिटेपर्यंत.

“कळलं,” त्या म्हणाल्या.